तांबट आळी आधी, केळकर संग्रहालय नंतर

पुण्यात कला पाहायला येणारा माणूस बहुधा सकाळी थेट केळकर संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर जातो, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे नुसतं पितळ नाचायला लागतं. दोष संग्रहालयाचा नाही, क्रमाचा आहे. वस्तू घडते कशी हे आधी पाहिलेलं असलं, तर काचेमागच्या वस्तूवर हात कुठे फिरलाय, हत्यार कुठे अडखळलंय ते दिसतं. नाहीतर ‘जुनं आहे, छान आहे’ यापलीकडे काही हाती लागत नाही. म्हणून ही फेरी आम्ही उलटी आखली: आधी दगड, मग तांबं, मग बाजार, आणि संग्रहालय दुपारी. वार बुधवारचा धरला, कारण जुना बाजार बुधवारी आणि रविवारीच भरतो, आणि रविवारी पेठांतली बरीच दुकानं बंद असतात.

सोबत पाच गोष्टी हव्यात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं चालेल), बॅटरी (मोबाईलचा टॉर्च चालेल), मोठा पांढरा रुमाल, पटकन काढता येतील अशा चपला आणि अंगात गडद रंगाचा सदरा. सदऱ्याचं कारण संग्रहालयात कळेल.

सुरुवात सकाळी आठच्या आत जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरापासून. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं हे लेणं अखंड बेसाल्टात वरून खाली खोदत नेलेलं आहे. वरून खाली म्हणजे काय, ते अंगणातल्या नंदीमंडपापाशी उभं राहिलं की समजतं. छत्रीसारखं गोल छत आधी मोकळं झालं, खालचे खांब नंतर. छताशी चूक झाली तर ती बुजवायला वर दगड शिल्लकच नसतो. लेणं अर्धवट राहिलंय आणि शिकणाऱ्याला तेच सोयीचं. आतल्या भिंतींवर बॅटरी समोरून न मारता भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. छिन्नीचे चरे लगेच उठून दिसतात. समोरून मारलेल्या उजेडात तीच भिंत सपाट वाटते. पूजेतलं देऊळ आहे, तेव्हा चपला बाहेर, फ्लॅश बंद, आणि गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय नाही. उन्हाळ्यात अकरानंतर अंगणातला दगड अनवाणी पायांना सोसत नाही. मोबाईलने लेण्याच्या तोंडाचा फोटो काढताना बाहेरच्या उजेडामुळे आतला भाग काळा पडतो, म्हणून पडद्यावर आतल्या खांबाला बोट लावून उजेड तिथे ठरवून घ्यायचा आणि मग बाहेरचं आकाश चौकटीतून शक्य तेवढं वगळायचं.

वेळ असेल तर शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पाहावा. शिल्पकार नानासाहेब करमरकर, अनावरण 1928 सालचं. आवार शाळेचं असल्यामुळे दारावर विचारूनच आत जायचं. नाही म्हणाले तर हुज्जत घालू नये. सोडलं, तर आधी घोड्याचे पाय पाहा. एवढ्या ब्राँझचा भार किती थोड्या जागेवर पेललाय, हे कुठल्याही अश्वारूढ शिल्पातलं सगळ्यात अवघड गणित.

तिथून शिवाजी पुलावरून कसब्यात. शनिवारवाड्यापाशी दिल्ली दरवाजाचे खिळे बघून पुढे निघालात तरी चालेल. 1828 च्या आगीत आतलं लाकूडकाम गेलं आणि चौथरे तेवढे राहिले. पेशवाईतलं लाकूड दुपारी दुसरीकडे बघायचंच आहे.

तांबट आळीत दहा-साडेदहाला पोचावं. आळी सापडली नाही तर कान द्या, ठोक्यांचा आवाजच रस्ता दाखवतो. इथले त्वष्टा कासार पेशवाईपासून तांब्याची भांडी घडवत आले आहेत. पाणी तापवायचा बंब हे त्यांचं घरोघरी पोचलेलं काम. आता बंब कमी आणि पिंप, तांबे, शोभेच्या वस्तू जास्त.

काम चालू असताना बाजूला उभं राहून काय पाहायचं? पत्र्यातून गोल कापला जातो, ठोकून किंवा लेथवर दाबून त्याला खोली दिली जाते. प्रत्येक ठोक्यागणिक तांबं कडक होत जातं. तसंच ठोकत राहिलं तर काठाला चीर पडते, म्हणून मधूनमधून भांडं भट्टीत लाल करून मऊ करतात. भट्टीतून काळं पडून आलेलं भांडं आम्लाने धुतात आणि मग शेवटचं काम, मठार. गुळगुळीत तोंडाचा हातोडा बाहेरून, आत तितकाच गुळगुळीत लोखंडी आधार, आणि दोन्हींच्या मध्ये पत्रा. ठोका पडला की तेवढी जागा चपटी, चकचकीत आणि घट्ट होते. ठोक्याशेजारी ठोका, ओळीखाली ओळ. लोक मठाराला नक्षी समजतात. मुळात ते पातळ भांड्याला बळकटी देण्याचं काम आहे, चमक ही त्याची जोडकमाई.

खऱ्या मठाराची पारख भांड्याच्या आत बोट फिरवून होते. हाताने मठारलेल्या भांड्याचा पत्रा हातोडा आणि आधार यांच्यात दाबला गेलेला असतो, त्यामुळे आतली बाजू बऱ्यापैकी सपाट लागते. साच्यात दाबून काढलेल्या नकलेत बाहेर जितका खळगा तितकाच आत उंचवटा असतो आणि सगळे खळगे एकाच मापाचे, एकाच अंतरावर. भिंगातून पाहिलं तर हाताच्या ठोक्यांच्या कडा एकमेकांवर थोड्या चढलेल्या दिसतात.

घ्यायचं असेल तर भांड्याचं वजन, तांब्याचा भाव आणि मजुरी वेगवेगळी विचारा. नक्षीपेक्षा काठ आणि बूड तपासा. काठ आत दुमडलेला हवा, बूड सपाट फरशीवर डुगडुगता कामा नये. खूप चकचकीत आणि हात लावला तरी बोटांचे डाग न पडणारं भांडं असेल तर त्यावर पारदर्शक लॅकर असतं. शोभेला ठीक, पण पाणी पिण्यासाठी आतून बिनलॅकरचंच घ्यावं. चिंच-मीठ चोळून रंग उजळला तर तांबं उघडं आहे, काहीच फरक पडला नाही तर वर थर आहे. ताक, लिंबू, चिंच असलं काही ठेवायचं तर कल्हई हवीच.

कल्हई कुठे चालू दिसली तर थांबा. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर होतो आणि पृष्ठभाग साफ होतो. त्यावर कथलाची कांडी टेकवली की कथील वितळतं आणि कापसाच्या बोळ्याने ते क्षणात सगळीकडे पसरतं. कथील 232 अंशांना वितळतं, तांबं 1085 ला, म्हणून हे जमतं. आणि म्हणूनच कल्हईचं रिकामं भांडं घरी गॅसवर तापत ठेवलं तर थर ओघळून गोळा होतो. वारा धूर नेतो त्या बाजूला उभं राहू नका, दम्याच्या माणसाने तर लांबूनच पाहावं.

फोटोबद्दल: आधी विचारा, मग कॅमेरा काढा. हातोड्याच्या मागे उभं राहायचं नाही. हातोडा हवेत थांबलेला हवा तर शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास, त्याची हालचाल पुसट दाखवायची तर सेकंदाचा तिसावा भाग आणि कोपर भिंतीला टेकवून. चकचकीत तांब्यात फोटो काढणाराच दिसतो. पांढरा रुमाल उजेडाच्या बाजूला ताणून धरा. भांड्यावर रुमालाचं मऊ प्रतिबिंब पडतं आणि टोचणारे पांढरे ठिपके जातात. भट्टीचा फोटो घेताना उजेड एक-दोन पायऱ्या कमी करा, नाहीतर लाल तांबं पिवळट पांढरं येतं.

साडेअकराला जुन्या बाजारात. मंगळवार पेठेत कुंभारवेशीजवळ, उन्हात, गर्दीत. पाकीट पुढच्या खिशात. इथे चित्रकलेच्या आणि छायाचित्रणाच्या अभ्यासकाला एकच हत्यार लागतं: भिंग. ‘रविवर्म्याचं जुनं चित्र’ म्हणून देवदेवतांची छापील चित्रं दाखवली जातात. रविवर्मा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं शिळाछापाची. भिंगाखाली त्यात वेगवेगळ्या आकाराचे, हाताने मारलेले विस्कळीत ठिपके आणि एकावर एक चढलेले रंग दिसतात. ठिपके एका मापाचे आणि फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलात मांडलेले दिसले, तर ती अलीकडची ऑफसेटची छपाई, कागद चहात बुडवून कितीही पिवळा केलेला असो.

जुन्या छायाचित्रांनाही हीच कसोटी. खऱ्या चांदीच्या रसायनावरच्या छायाचित्रात भिंगाखाली ठिपक्यांची जाळी नसते, राखाडी छटा सलग उतरत जातात. काळपट भागात, कडेशी, कागद तिरका धरला की निळसर रुपेरी झाक दिसते. ती वयाची खूण. मात्र एक सांगणं: कुटुंबाच्या फोटोंचे गठ्ठे दिसले तर मागची बाजू आधी वाचा. छायाचित्रकाराचा शिक्का, गाव, साल असेल तर फोटोला अर्थ आहे, नसेल तर घेऊन नुसता कपाटात पडतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट हवेत चिकटतो. साधा कोरा कागद मध्ये घाला.

जेवण एकच्या आधी उरका. एक ते चार हा विनोद बाहेरच्यांना वाटतो. पेठेतल्या छोट्या दुकानांच्या आणि कारागिरांच्या बाबतीत अजूनही त्यावर बेत आखावा लागतो.

दुपारी बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, 1807 चा. आत जायला मिळालं तर उत्तम, पण खरं काम दर्शनी बाजूला आहे आणि ते समोरच्या फूटपाथवरून फुकटात दिसतं. सुरूच्या झाडाच्या आकाराचे सागवानी खांब आणि वर कोरलेली केळफुलं. केळफुलाच्या पाकळ्या एकमेकींखाली कशा कोरल्या आहेत ते खालून तिरकं पाहिल्याशिवाय कळत नाही. रस्ता वाहता आहे, मागे सरकत सरकत फोटो काढू नका.

तिथून दक्षिणेला चालत गेलं की शुक्रवार पेठेत, नातूबागेजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच कवी अज्ञातवासी, यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला आणि 1975 मध्ये तो सरकारला दिला. वीस हजारांच्या वर वस्तू, त्यातल्या थोड्याच मांडलेल्या. अडीच तास धरा आणि सगळं बघायचा हट्ट सोडा. छायाचित्रणाचा नियम तिकीट काढतानाच विचारा. परवानगी असेल तर लेन्स किंवा मोबाईल काचेला टेकवून धरा आणि गडद सदरा आता कामाला येईल. पांढरा सदरा काचेत भुतासारखा दिसतो.

अडकित्त्यांपासून सुरुवात करावी. राघू, घोडे, जोडपी, असे कितीतरी आकार. पण आधी खिळा पाहा, जिथे दोन पाती जोडली आहेत. सुपारी फोडायला जोर लागतो, तो खिळ्याजवळ जास्त मिळतो, म्हणून सुपारीची जागा तिथे आणि मुठी लांब. घडवणाऱ्याला एवढी मोजमापं पाळून राघूची चोच किंवा घोड्याची मान बसवायची असते. कुठल्या अडकित्त्यात नक्षी कामाच्या आड येते आणि कुठल्यात ती मुठीची पकडच होऊन जाते, हे पाच मिनिटांत ओळखता येईल. मग वज्र्या: पाय घासायच्या वस्तूवर एवढा जीव कुणी लावला असेल! वर हंस, हत्ती, खाली खरखरीत खाचा. यातलं पुष्कळ काम मेणाच्या साच्यातलं. मेणाची प्रतिकृती, वर माती, तापवून मेण बाहेर, पोकळीत पितळ. साचा फोडावाच लागतो, म्हणून दुसरी वस्तू हुबेहूब निघत नाही. जोडीच्या दोन वस्तू शेजारी असतील तर फरक शोधा, कानसेचे ओरखडेही सापडतील.

चित्रकथीच्या पानांसमोर बसून घ्या. कागदावरची ही चित्रं एकेक उचलून दाखवत, सोबत गात गोष्ट सांगायची, म्हणून पार्श्वभूमी मोकळी, माणसं मोठी आणि डोळे लांबूनही दिसतील असे टपोरे. चामड्याच्या बाहुल्या बहुतेकांना काळवंडलेल्या वाटतात. त्या मागून दिवा लागल्यावर दिसायला केलेल्या आहेत, समोरच्या उजेडात रंग मेलेलाच दिसणार. बाजूला सरकून, कुठून तरी मागचा उजेड मिळतो का बघा. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल शेवटी ठेवा, तिथे गर्दी रेंगाळते.

पैठणी काचेत उलटी करून पाहता येत नाही, लक्ष्मी रस्त्यावर येते. हातमागाच्या पैठणीचा पदर मागून पुढच्यासारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरवलेला असतो. मागे मोकळे धागे, कापलेली टोकं किंवा वरून जाळी लावलेली असेल तर ते यंत्रमागाचं काम. विकणाऱ्याशी वाद न घालता पदर उलटा, बस.

संध्याकाळी पाय उरले असतील तर मंडईहून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे मार्ग बदलून छत्रपती संभाजी उद्यान स्थानक, आणि बालगंधर्वचं कलादालन किंवा घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन. प्रदर्शनं बदलत राहतात, त्यामुळे दैनिकातली कार्यक्रमांची यादी सकाळीच बघून ठेवावी. जलरंग दिसले तर पांढऱ्या जागांजवळ जा. चांगल्या जलरंगात पांढरा रंग लावलेला नसतो, कागदच राखून ठेवलेला असतो, आणि राखलेल्या जागेची कड भिंगाखाली स्वच्छ दिसते. विकत घेणार असाल तर चित्र काचेला चिकटलेलं नको, मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवं आणि माउंट आम्लरहित आहे का विचारा, नाहीतर काही वर्षांत चित्राच्या कडेने पिवळी चौकट उमटते. घरी उन्हाच्या भिंतीवर टांगू नका.

गणपतीच्या दहा दिवसांत हा बेत करू नये, कसब्यातले रस्ते बंद असतात. गाडीही आणू नका, पेठेत लावायला जागा शोधण्यातच तांबट आळीतला वेळ जातो.