चेअरमननी राजीनामा दिला, लोक चिडलेत

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत चेअरमन काकांनी अचानक राजीनामा दिला आणि नुसता भडका उडालाय, कोण म्हणतं पळाले, कोण म्हणतं कमिटीनेच काढलं, आणि मी सेक्रेटरी म्हणून जिन्यात, पार्किंगमध्ये रोज तेच ऐकतेय. लोकांचा राग मला चूक वाटत नाही. पेंटिंगचे पैसे त्यांनी भरलेत, हिशोब मागणारच ना!

म्हणून आधी राजीनाम्याचं पत्र जसंच्या तसं नोटीस बोर्डावर लावलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, त्यात २०१९ मध्ये हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरणच घातलंय, सभासदाला ऑडिट झालेला ताळेबंद, सभांची इतिवृत्तं बघायचा हक्क आहे, तर फाइली सरळ टेबलवर ठेवल्या. आणि एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याभरात विशेष सभा घ्यावीच लागते, त्यामुळे सह्या गोळा करणाऱ्याला प्लीज गद्दार म्हणू नका.

पण काकांच्या सुनेला भाजी घेताना अडवून जाब विचारला ते मला अजिबात पटलं नाही. घरच्यांना यात ओढायचं नाही, हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलंय. रविवारी सभा आहे, काका स्वतः उत्तरं द्यायला येतायत, चेकबुक आणि रजिस्टरं कमिटीच्या ताब्यात आलीयेत.