पिवळ्या खुर्च्या

आज दुपारी आईसोबत १९७४ सालचा एक जर्मन सिनेमा पाहिला, 'अली : फिअर ईट्स द सोल'. दिग्दर्शक फासबिंडर. म्युनिकमध्ये सफाईकाम करणारी साठीची विधवा एमी, आणि तिच्याहून कितीतरी तरुण, मोरोक्कोहून आलेला कामगार अली. पाऊस लागला म्हणून ती एका बारमध्ये शिरते, तो तिला नाचायला बोलावतो. एवढंच निमित्त. लग्न होतं आणि शेजारणी, दुकानदार, पोटची मुलं, सगळी पाठ फिरवतात. एक मुलगा तर लाथा घालून टीव्ही फोडतो. रिकाम्या पिवळ्या खुर्च्यांच्या मधोमध बसलेली ती दोघं, आणि लांबून टक लावून बघणारी माणसं. तिथे एमीला रडू फुटलं तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला.

पण मला खरं हलवलं ते त्यानंतरच्या भागाने. लोक निवळतात, गोड बोलू लागतात, आणि आता एमीच बदलते. अलीला कुसकुस, म्हणजे त्याच्या देशातला रव्याचा पदार्थ, खावासा वाटतो. ती म्हणते, इथल्या पद्धतीची सवय कर. मैत्रिणींना त्याचे दंड चाचपून बघू देते. जिच्यासाठी मी इतका वेळ जीव टाकत होते, तिनेच असं वागावं! फार लागलं ते.

संध्याकाळी चहा गाळताना आई एकदम म्हणाली, "त्याला ते कुसकुस करून द्यायला काय झालं होतं गं तिला?"