खवलचोर

सांगलीत कृष्णेकाठी मासे विकणाऱ्या मावशींनी बोटभर लांबीचा, मिशाळ मासा माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो खवलचोर. दुसऱ्याची खवलं वरबाडून खातोय." मी पोट चिरून पाहिलं. आत अभ्रकाच्या कपच्यांसारखी खवलं, एकावर एक! गंमत म्हणजे चोराच्या स्वतःच्या अंगावर एकही खवल नाही.

१९५२ साली मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णींनी या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा हेच मराठी नाव ठेवलं: निओट्रोपियस खवलचोर. पुढे प्रजाती, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द, बदलली; आता तो पॅकिप्टेरस झाला. 'खवलचोर' मात्र नामकरणाच्या नियमानुसार टिकलं. आडनाव बदललं, नाव तेच! (लॅटिनच्या गर्दीत मराठी शिवी वाचताना मला अजून हसू फुटतं.) मावशींना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "मग, दुसरं काय म्हणणार त्येला?"