सातवा मासा आणि बाविसावं पान

सोमवार

या आठवड्यात मुलांच्या चित्रपुस्तकासाठी एकच गोष्ट हातात आहे, 'अनगनगा ओक राजु', म्हणजे 'एक होता राजा'. ती ऐकून ध्वनिमुद्रित करायची, मराठीत आणायची आणि छापायची. सोलापूरच्या पूर्व भागात, पद्मशाली (विणकर) घरांत बोलली जाणारी ही तेलुगू गोष्ट. राजाला सात मुलं. ती शिकारीला गेली, सात मासे घेऊन आली, उन्हात वाळत घातले. सहा वाळले, सातवा ओलाच. का? गवताची गंजी आड आली. गंजी का आड आली? गाईनं खाल्ली नाही. गुराख्यानं गाय चारली नाही, कारण अव्वानं त्याला जेवण दिलं नाही. बाळ रडत होतं, म्हणून अव्वाला सवड नव्हती. बाळाला मुंगी चावली होती. आणि मुंगीला जाब विचारला तर ती उलट विचारते: माझ्या सोन्याच्या वारुळात बोट घातलं तर चावू नको?

लोककथांच्या आर्ने-थॉम्प्सन-उथर सूचीत २००० ते २१०० हे क्रमांक अशा साखळीकथांचे. नोंदवहीत क्रमांक टाकावा, पण त्यानं गोष्ट कळली असं होत नाही. गोष्ट कळते ती सांगणारा कुठे थांबतो त्यावरून.

म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी समोर पोर हवंच. मोठ्या माणसाला सांगताना साखळी हमखास गुंडाळली जाते. 'मग गाईला विचारलं, गुराख्याला विचारलं, असं करत मुंगीपाशी गेले', झालं, मिनिटभरात काम तमाम. समोर पाच वर्षांचं मूल बसलं की सातही प्रश्न पूर्ण येतात आणि प्रत्येक प्रश्नानंतर सांगणारी थांबते. ते थांबे हाच खरा माल. उतरवताना प्रत्येक थांब्याला उभी रेघ मारायची, दोन सेकंदांहून मोठा असेल तर दोन रेघा. दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण नीट उतरवायला तास जातो, दुसऱ्या भाषेतलं असेल तर दोन.

यंत्रमागाची खटखट मात्र पिच्छा सोडत नाही. आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर पंख्याची एकसुरी घरघर काढतं. मागाचा ठोका काढायला गेलं की त्याबरोबर 'ट' आणि 'क' बोथट होतात. खिडकीला दोन जाड चादरी टांगल्या तर खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा ठोका नाही. वीज गेली की माग आणि पंखा दोन्ही गप्प होतात. तेवढा वेळ सोन्याचा, ध्वनिमुद्रणाचं यंत्र बॅटरीवर तयार पाहिजे. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, माइक तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला. अगदी समोर धरला तर 'प' आणि 'फ' फुटतात.

मंगळवार

आज 'अव्वा'वर अडलं. काही तेलुगू घरांत अव्वा म्हणजे आजी, काहींत आई. उत्तर कर्नाटकाकडच्या कानडीत अव्वा म्हणजे आईच. सोलापुरात एकाच वर्गात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुलं बसतात, तेव्हा नुसतं 'अव्वा' छापलं तर एकाच पानावर दोन वेगळ्या बायका वाचल्या जातील. हे अंदाजानं ठरवायचं नाही. सांगणारीला विचारायचं: ती गुराख्याची कोण? बाळाची कोण? चित्रकाराला हे आधी कळलं पाहिजे, कारण केस पांढरे की काळे ते या एका शब्दावर ठरतं. आपल्या सांगणारीची अव्वा आजी निघाली. मजकुरात 'अव्वा' ठेवलं, पहिल्या उल्लेखाला 'अव्वा आजी' केलं.

मग मासा. तेलुगूत प्रश्न आहे 'चेपा चेपा, एंदुकु एंडलेदु?' मराठीत 'माशा, माशा' अशी हाक मारली की पोरांच्या डोळ्यांपुढे घोंघावणाऱ्या माश्या येतात. 'मासोळी, मासोळी, का गं वाळली नाहीस?' हे कानाला बरं. मूळच्या 'एंदुकु'ला, म्हणजे 'का'ला, लिंगाचं काही देणंघेणं नाही. मराठीत गंजीला 'का गं', गुराख्याला 'का रे', बाळाला 'का रे', मुंगीला पुन्हा 'का गं'. हा ठेका मूळात नाही, मराठीनं पदरचा घातला. राहू दे. 'पुन्हा पुन्हा तेच येतं, तीन प्रश्न कापा' असं कुणी तरी सुचवतंच. कापायचं नाही. पाच वर्षांचं मूल चौथ्या प्रश्नापासून स्वतः म्हणायला लागतं. तीन उडवले तर त्याची पाळी येईपर्यंत गोष्ट संपते.

शेवटची ओळ: 'ना बंगारु पुट्टलो वेलु पेडिते कुट्टना?' पुट्ट म्हणजे वारूळ, कुट्टना म्हणजे चावू नको का. यमक आहे तिथेच डंख आहे. मराठीत 'बोट' आणि 'पोट' जुळवून पाहिलं, पण मुंगीला भूक लागली असा भलताच अर्थ शिरला. ती भुकेली नाही, चिडली आहे. म्हणून तेलुगू ओळ देवनागरीत मोठ्या टायपात आणि खाली साधं मराठी. एक अडचण उरतेच: 'वेलु'तला ए लांब, 'पेडिते'तला पहिला ए आखूड, आणि आपल्याकडे मात्रा एकच. शिक्षकांसाठीच्या मजकुरात तेवढं सांगायचं.

बुधवार

पानांची मांडणी. मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात. २४ घेतली, म्हणजे सोळाचा एक फर्मा (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं) आणि आठचा अर्धा. पान १ शीर्षक, २ श्रेयनामावली. ३ वर राजा, ४-५ वर सात मुलं निघाली, ६-७ वर मासे वाळत, ८ वर सहा वाळले आणि सातवी मासोळी ओली, ९ वर पहिला प्रश्न. तिथून प्रत्येक प्रश्न विषम, म्हणजे उजव्या पानावर: ९, ११, १३, १५, १७, १९, २१. उत्तर पान उलटल्यावर. सोमवारच्या उभ्या रेघा इथे कामी आल्या. सांगणारी जिथे थांबते तिथे मूल पान उलटतं.

ही मांडणी मोडायला एक पान पुरतं. ऐनवेळी 'दोन शब्द' आले आणि ३ वर बसवले की सगळं एकानं सरकतं. प्रश्न डावीकडे, उत्तर समोरच उजवीकडे. मुलाचे डोळे आधी चित्राकडे जातात, मुंगी दिसली की प्रश्न मेला. प्रस्तावना द्यायचीच असेल तर मलपृष्ठाच्या आत.

१२-१३ हे मधलं जोडपान एकाच कागदावर येतं, तिथे गाय घडीवरून बिनधास्त आडवी पसरू दे. २२-२३ वर मुंगीचं मोठं चित्र आहे, पण ती दोन पानं वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात, मिलिमीटरभर इकडेतिकडे होणारच. मुंगीचं डोकं घडीत नको, पूर्ण २२ वर घ्या. २३ वर फक्त वारूळ.

गुरुवार

अक्षरजुळणी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आली, आणि 'वाऱ्यावर'चा 'वार्यावर' झाला. 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनी तपासायच्या, शोधा-बदला करून भागत नाही. मजकुराची भाषा 'हिंदी' राहिली असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर भाषा 'मराठी' निवडायची, आणि फॉन्टमध्ये ती सोय आहे का ते आधी पाहायचं. टाइप २० पॉइंट, ओळींतलं अंतर ३०. पानावर पंचवीसपेक्षा जास्त शब्द नकोत.

शुक्रवार

छपाईला द्यायच्या आधीची झडती. चित्रं कापरेषेच्या बाहेर ३ मिलिमीटर, मजकूर कडेपासून निदान १० मिलिमीटर आत. पिन मारल्यावर आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये जास्त कापली जातात. पानांचे आकडे कडेला चिकटवले तर १२-१३ वर आधी तेच जातात. आर्ट पेपर ट्यूबलाइटखाली चमकतो, जमिनीवर गोल बसलेल्या पोरांपैकी निम्म्यांना नुसता उजेड दिसतो. १२० जीएसएम (चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये) मॅपलिथोवर, म्हणजे बिनचमकीच्या कागदावर, रंग थोडे फिके उमटतात, पण वाचता येतं. मुखपृष्ठ २५० चं.

पान २४ वर सांगणारीची नोंद: भाषा, वस्ती, वय, कुणाकडून ऐकली. नाव छापायचं की नाही ते तिनं सांगायचं, आणि तिचा होकारही ध्वनिमुद्रित हवा. लोककथा कुणाच्या मालकीची नसली तरी एखाद्यानं छापलेलं तिचं कथन १९५७ च्या कायद्याखाली त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं त्याचंच राहतं. म्हणून जुन्या पुस्तकातली वाक्यं उचलायची नाहीत, स्वतःच्या ध्वनिमुद्रणावरूनच लिहायचं.

साध्या कागदाचा नमुना घडी घालून, पिन मारून तयार केला आणि एका मुलाच्या हातात दिला. १७ वर त्यानं प्रश्न संपायच्या आतच पान उलटलं. अव्वाचा प्रश्न दोन ओळींचा झालाय. 'अव्वा, अव्वा, का गं जेवण दिलं नाहीस?' एवढाच ठेवला, बाकी खोडलं.