थंडरबर्डला कंपनीची डिरेक्टरी जोडताना

नव्या माणसाच्या मशीनवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम टाकला, मेल येऊ-जाऊ लागला, की आयटीवाला पुढच्या टेबलाकडे वळतो. मग कधीतरी पर्चेसमधल्या जोशींना मेल करायची वेळ येते. ‘टू’मध्ये चार अक्षरं टाइप होतात आणि खाली काहीच उमटत नाही. थंडरबर्डच्या लेखी मेल अकाउंट वेगळं आणि पत्त्यांची डिरेक्टरी वेगळी. आयमॅपवरून (मेल आणायची पद्धत) येतो तो फक्त मेल. सहकाऱ्यांचे पत्ते एलडॅपवरून (डिरेक्टरीत शोधायची पद्धत) येतात आणि ती जोडणी स्वतंत्र करावी लागते.

आधी एक चौकशी करा: कंपनीची डिरेक्टरी आहे कुठे? सगळं मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर तिथे थेट एलडॅप मिळत नाही, उगाच खटपट करू नका. भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखान्यात स्वतःचा विंडोज सर्व्हर (त्याची डिरेक्टरी म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी) किंवा झिंब्रा, ओपनएलडॅप यांसारखा दुसरा सर्व्हर प्रोग्राम असेल तर पुढचं सगळं लागू पडतं.

ॲडमिनकडून चार गोष्टी लेखी घ्या: सर्व्हरचं पूर्ण नाव, पोर्ट, बेस डीएन आणि बाइंड डीएन. डीएन म्हणजे डिरेक्टरीतल्या एखाद्या जागेचं किंवा नोंदीचं पूर्ण नाव. बेस डीएन म्हणजे शोध कुठल्या फांदीपासून सुरू करायचा तो पत्ता, उदाहरणार्थ ‘ओयू=स्टाफ,डीसी=कंपनी,डीसी=लोकल’ (ओयू म्हणजे विभाग, डीसी म्हणजे डोमेनच्या नावाचा तुकडा; भरताना अर्थातच रोमन अक्षरं). बाइंड डीएन म्हणजे कोणाच्या नावाने आत शिरायचं ते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तिथे यूझरनेम, मग ॲटचं चिन्ह आणि डोमेन एवढं चालतं. ओपनएलडॅपला मात्र पूर्ण डीएनच हवा. ही जागा रिकामी ठेवून ॲक्टिव्ह डिरेक्टरीत शोध घेता येत नाही, विंडोज सर्व्हर २००३ पासून तो दरवाजा मुळातच बंद असतो.

ॲड्रेस बुकमध्ये नवीन ॲड्रेस बुक बनवायच्या मेनूतला एलडॅपचा पर्याय निवडा आणि या चार गोष्टी भरा. साधा पोर्ट ३८९, सुरक्षित जोडणीचा ६३६. एसएसएलवर टिक कराच, नाहीतर पासवर्ड ऑफिसच्या नेटवर्कवर उघडा फिरतो. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये स्कोप, म्हणजे शोध किती खोल जायचा ते, ‘सबट्री’ हवा. ‘वन लेव्हल’ असला तर आतल्या विभागांतली माणसं दिसतच नाहीत.

ओके म्हटल्यावर नवं पुस्तक कोरं दिसतं. इथेच बरेच जण सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तसं करू नका. एलडॅपचं पुस्तक शोधल्याशिवाय काही दाखवत नाही, आणि पासवर्डही पहिल्या शोधाच्या वेळीच विचारतं. शोधाच्या चौकटीत एखादं आडनाव टाकून बघा.

इथे नावं आली, पण मेल लिहिताना येत नसतील, तर सेटिंग्जमध्ये कंपोझिशनच्या ॲड्रेसिंग भागात ‘डिरेक्टरी सर्व्हर’वर टिक करून तुमचं पुस्तक निवडायचं राहिलंय. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

खरा त्रास सर्टिफिकेटचा, म्हणजे सुरक्षित जोडणीत सर्व्हर दाखवतो त्या ओळखपत्राचा. ते पटलं नाही तर थंडरबर्ड धड ओरडतही नाही, नुसता गप्प बसतो. कंपनीने स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असेल तर ते देणाऱ्या ऑथॉरिटीची फाइल सर्टिफिकेट मॅनेजरच्या ‘ऑथॉरिटीज’ टॅबमध्ये इम्पोर्ट करा. होस्टनेमच्या जागी आयपी ॲड्रेस टाकला तरी अडतं, कारण सर्टिफिकेटवर बहुधा नाव असतं, आयपी नसतो.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत बेस डीएन म्हणून थेट डोमेनचं मूळ दिलं की शोध अडकून राहू शकतो. सर्व्हर ‘बाकीचं तिकडे विचारा’ असं सांगतो आणि ‘तिकडे’ थंडरबर्डला पोचता येत नाही. अशा वेळी बेस डीएन एखाद्या ओयूपर्यंत आणा, नाहीतर ग्लोबल कॅटलॉगचा (सगळ्या डोमेनांची एकत्र सूची) पोर्ट वापरा: साधा ३२६८, सुरक्षित ३२६९. सर्व्हरच्या लॉगमध्ये एरर ४९ दिसला तर पासवर्ड किंवा बाइंड डीएन चुकलाय. ३२ दिसला तर बेस डीएन.

कोथरूडला घरी बसून काम करताना आधी व्हीपीएन चालू करा, कारण हा सर्व्हर सहसा ऑफिसच्या आतच असतो. ‘ऑफलाइन’ टॅबमधून पत्ते उतरवून ठेवता येतात, पण ती प्रत थंडरबर्ड ‘वर्क ऑफलाइन’मध्ये असतानाच वापरली जाते. नुसतं व्हीपीएन नसल्याने ती कामी येत नाही. शिवाय ॲक्टिव्ह डिरेक्टरी एका शोधाला मुळात १००० च नोंदी देते, त्यामुळे मोठ्या कंपनीची प्रत अर्धवट निघू शकते.

थंडरबर्डची स्वतःची मर्यादा तर १०० नोंदींची. पुण्यातल्या कंपनीत नुसतं ‘कुलकर्णी’ टाकून हवा तो माणूस मिळेलच असं नाही. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये हा आकडा वाढवा किंवा पहिल्या नावाने शोधा. डिरेक्टरीत नावं रोमनमध्ये भरलेली असतील तर देवनागरीत टाइप केलेलं सापडणार नाही. आणि ‘पाटील’चं स्पेलिंग कोणी एका ‘आय’ने केलंय, कोणी दोन ‘ई’ने, तेही ॲडमिनलाच विचारा.