टी कॅडीचे छप्पर अखेर शाकारले गेले

टी कॅडी या चहाच्या दुकानाच्या छपराचा दर्शनी पाखा पूर्ण झाला आहे, आणि मागील नोंदींमध्ये ज्या प्रश्नापाशी सारे काम अडून राहिले होते तो सुटला आहे. डिस्नीच्या एप्कॉट या मनोरंजन उद्यानातील युनायटेड किंगडम दालनाची ही १:७६ प्रमाणातील प्रतिकृती पहिल्यापासून पाहणाऱ्यांना ठाऊक आहे की भिंती, दारे आणि खिडक्या बसवून झाल्यावरही हे घर बराच काळ उघड्या वाशांनिशी उभे होते. त्यावरचे गवती छप्पर डोळ्यांना पटेल असे काही केल्या होत नव्हते. त्यामुळे आजची नोंद जवळजवळ सगळी त्या छपराविषयीच आहे.

या एका छपराचा इतका आग्रह का, याचे कारण दालनाच्या रचनेत आहे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी फ्लोरिडात एप्कॉट उघडले, तेव्हा वर्ल्ड शोकेस या देशोदेशींच्या दालनांच्या विभागातील तलावाभोवती नऊ देशांची दालने होती आणि युनायटेड किंगडम त्यांपैकी एक होते. येथे बसून फिरण्याची कोणतीही सफर नाही आणि शेजारच्या कॅनडा व फ्रान्सप्रमाणे चित्रपटगृहही नाही. दुकाने, पब, चौक आणि मागची बाग एवढाच त्याचा ऐवज आहे. पाहुण्याला जे सांगायचे ते सारे भिंती, छपरे आणि धुराडी यांच्याकडूनच वदवून घ्यायचे, असे बंधन रचनाकारांवर होते, आणि त्यांनी ते ज्या रीतीने पाळले ती मला संपूर्ण उद्यानातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. शाकारलेले जुने शेतघर, लाकडी चौकटीचे आणि वयोमानाने किंचित कललेले ट्यूडर (इंग्लंडच्या सोळाव्या शतकातील) धाटणीचे घर, मग गिलाव्याच्या आणि घडीव दगडाच्या दर्शनी भिंती, आणि पुढे एकोणिसावे शतक, असा कित्येक शतकांचा क्रम त्यांनी एका छोट्या रस्त्यावर मांडला आहे. या क्रमाचा आरंभ टी कॅडीपासून होतो. तिचे छप्पर खोटे दिसले, तर पुढच्या सगळ्या घरांचे वय डळमळते.

टी कॅडीचा नमुना म्हणजे स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनजवळच्या शॉटरी येथील ॲन हॅथवेचे घर. शेक्सपिअरच्या या पत्नीचे बालपण त्या शेतघरात गेले. तिथले छप्पर खऱ्या गवताने शाकारलेले आहे, पण फ्लोरिडातील छप्पर मात्र प्लास्टिकच्या झाडूच्या तंतूंचे आहे, कारण अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे तेथे खरे गवत वापरता येण्याजोगे नव्हते. प्रतिकृती नेमकी कशाची करायची, शॉटरीच्या घराची की फ्लोरिडातील घराची, हा प्रश्न मागे चर्चेत आला होता आणि काहींनी शॉटरीच्या बाजूने कौल दिला होता. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे आणि छप्पर झाल्यावर ते अधिक पक्के झाले आहे. आपण ज्या वास्तूवर प्रेम करतो ती १९८२ ची आहे. तिच्या रचनाकारांनी प्लास्टिकमधून गवत उभे करण्याचे जे कौशल्य दाखवले, तेच या प्रतिकृतीत दिसले पाहिजे.

आता मूळ अडचणीकडे वळतो. खऱ्या शाकारणीचा थर साधारण ३० सेंटिमीटर जाड धरला, तर आपल्या प्रमाणात तो ४ मिलिमीटर होतो. गवताची काडी ४ ते ५ मिलिमीटर जाडीची धरली, तर ती ०.०६ मिलिमीटरच्या आसपास येते. एवढा बारीक आणि तरीही ताठ राहणारा तंतू सहज मिळत नाही. काथ्या जाड आणि कुरळा निघाला. तागाचे तंतू पुरेसे बारीक असतात, परंतु त्यांच्यावर उठणारी लव कितीही विंचरली तरी जात नाही, आणि छपरावर बुरशी आल्यासारखे दिसते. फरचे कापड गोंदात भिजवून विंचरण्याची पद्धत अनेकांना प्रिय आहे आणि दुरून पाहिल्यास तिचा परिणाम चांगला दिसतो. पण वळचणीला त्या कापडाची कडा पातळ पडते, आणि गवती छपराचे सारे सौंदर्य वळचणीच्या त्या जाड, सरळ कापलेल्या कडेत आणि तिच्याखाली पडणाऱ्या गडद सावलीत असते. ती सावली नसेल तर छप्पर घरावर टेकलेले वाटत नाही.

म्हणून मूळ छपराचाच मार्ग धरला आणि ब्रशच्या कृत्रिम तंतूंकडे वळलो. नायलॉनच्या रंगकामाच्या ब्रशचे तंतू टोकाला निमुळते असतात. त्यांचा रोख एकसारखा राहतो आणि ते लवत नाहीत. तंतूचा प्रश्न असा सुटला, पण गोंदाचा प्रश्न उभा राहिला, आणि सर्वाधिक काळ खाल्ला तो त्यानेच. पांढरा गोंद नायलॉनला धरत नाही. वाळल्यावर अख्खी जुडी नखाने उचलून येते. पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, धरतो, परंतु तंतूंच्या फटींतून केशाकर्षणाने थेट टोकापर्यंत चढतो, आणि मग तो भाग काचेसारखा चमकू लागतो किंवा त्यावर पांढुरका थर येतो. मलमलीवर दोऱ्याने जुड्या शिवून पाहिल्या. त्या पक्क्या बसल्या, पण प्रत्येक शिवणीपाशी फुगवटा आला आणि पाखा उशीसारखा दिसू लागला. या टप्प्यावर छपराचा विचारच सोडून द्यावा असे वाटण्याइतका हा प्रश्न जिवाला लागला होता.

मार्ग निघाला तो गोंदाला बाजूला सारल्यावर. नायलॉन वितळते, ही गोष्ट इतका वेळ अडचण म्हणूनच पाहिली जात होती, आणि तीच उपयोगी पडली. तंतू सपाट, एकेरी ओळीत पसरून दोन पोलादी पट्ट्यांमध्ये घट्ट आवळायचे, मुळाकडची टोके जेमतेम १ मिलिमीटर बाहेर ठेवायची आणि त्यांच्यावरून तापमान नियंत्रित करता येणारे सोल्डरिंग आयर्न एकाच संथ गतीने फिरवायचे. नायलॉन ६ चा वितळणबिंदू सुमारे २२० अंश सेल्सिअस असल्याने २४० ते २६० अंशांची मर्यादा पुरेशी होते. बाहेरची टोके एकमेकांत मिसळून बारीक मण्यासारखी कडा तयार होते, आणि पोलादी पट्ट्या उष्णता शोषून घेत असल्यामुळे आतले तंतू जसेच्या तसे राहतात. पट्ट्या सोडवल्या की हातात एक अखंड झालर येते. तिची कडा भरीव असल्याने तेथे जेलच्या स्वरूपातील सायनोॲक्रिलेट लावता येतो आणि तो वर चढत नाही. हे काम उघड्या खिडकीपाशीच करावे, कारण वितळणाऱ्या नायलॉनचा धूर छातीला बरा नव्हे.

झालरी १२ मिलिमीटर लांबीच्या कापल्या आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा २ मिलिमीटर वर सरकवत लावली. कोकणात घर शाकारताना जसे वळचणीपासून आढ्याकडे जातात, तसेच इंग्लंडमधील कारागीरही खालून वर जातात, आणि पाणी वाहून नेण्याचे ते तर्कशास्त्र येथे दिसण्याच्या दृष्टीनेही बरोबर ठरले. कोणत्याही जागी सहा थर एकमेकांवर येतात आणि जाडी आपोआप ४ मिलिमीटरच्या जवळ जाते. शेवटी नव्या पात्याने वळचणीची कडा एका रेषेत कापली आणि खाली ती सावली पडली. ती पडलेली पाहून झालेला आनंद या छंदातील मोजक्या आनंदांपैकी आहे.

एक लाभ अनपेक्षित मिळाला. वितळलेली कडा थंड होताना किंचित आकसते, त्यामुळे झालर कमानीसारखी वाकते. सरळ ओळींसाठी ती गरम असतानाच दाबून सपाट करावी लागते. परंतु वरच्या मजल्याच्या खिडक्यांवर गवत भुवईसारखे उचलले जाते, तेथे हीच वक्रता नेमकी बसली. ज्या भागाची सर्वांत अधिक धास्ती होती तो सर्वांत कमी श्रमात झाला.

रंगाबाबतही नायलॉनने साथ दिली. ॲक्रिलिक रंग तंतूंवर बसतो, पण विंचरताना त्याच्या खपल्या निघतात. कडक, गरम चहाच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालून झालरी त्यात ठेवल्या की नायलॉन तो रंग आत घेते, आणि वेळ कमीजास्त करून फिकट पिवळसर रंगापासून जुन्या पेंढ्याच्या तपकिरी करड्या छटेपर्यंत हवे ते मिळते. खरेदीपूर्वी तंतूंची हीच कसोटी घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. एका विक्रेत्याने नायलॉन म्हणून दिलेली जुडी चहात कितीही वेळ ठेवली तरी पांढरीच राहिली. ती बहुधा पॉलिप्रॉपिलीन या रंग न धरणाऱ्या प्लास्टिकची असावी. त्या तुलनेत पुण्याच्या बोहरी आळीत सुटे मिळणारे साधे ब्रश अधिक भरवशाचे निघाले, आणि तेथे दुकानदार नमुन्यादाखल एखादा ब्रश आनंदाने देतात.

विटांविषयी थोडक्यात. हॅम्प्टन कोर्ट या लंडनजवळच्या राजवाड्याच्या धर्तीवरील लाल विटांच्या भिंतीसाठी बाजारात जे छापील आणि उठावदार पत्रे मिळतात, त्यांतील बहुतेकांवर फक्त लांब बाजू दिसणाऱ्या विटांची बांधणी असते. ती विसाव्या शतकातील पोकळ भिंतींना शोभते. ट्यूडर काळातील विटकामात एक ओळ लांब बाजूंची आणि पुढची ओळ आखूड बाजूंची अशी इंग्लिश बांधणी असते, आणि ती नसेल तर भिंत कितीही लाल रंगवली तरी तिला सोळावे शतक लाभत नाही. त्यामुळे स्टायरीन या प्लास्टिकच्या पत्र्यावर दरजा हाताने कोरणे सुरू आहे. लाल टेलिफोन कक्षही उभा राहिला आहे. सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ मध्ये रचलेला हा के६ नमुना आपल्या प्रमाणात ३३ मिलिमीटर उंच होतो, आणि त्याच्या आठ ओळींच्या खिडकीतील मधल्या काचा रुंद व कडेच्या अरुंद ठेवल्या की तो लगेच ओळखू येतो.

धुराड्यांचे काम अजून राहिले आहे, पण त्याची मला उत्सुकता आहे. या दालनातील धुराड्यांखाली कधीही चूल पेटलेली नाही, तरीही त्यांच्या तोंडाशी काजळी आहे, कारण रंगाऱ्यांनी ती रंगवली आहे. घरात कोणीतरी राहते हे पाहुण्याला न सांगता समजावे, म्हणून घेतलेली ही काळजी आहे. तेथे कोळशाची वस्त्रगाळ पूड कोरड्या ब्रशने लावण्याचा विचार आहे.

छप्पर झाल्यावर पुढचा टप्पा रोज अँड क्राउन पबचा ठरला होता. ही एकच इमारत चार प्रकारच्या पबांना एकत्र आणते. एका बाजूस १८९० च्या दशकातील शहरी व्हिक्टोरियन पब आहे, दुसरीकडे फ्लीट स्ट्रीटवरील ये ओल्ड चेशायर चीज या पबाची आठवण देणारा भाग आहे, गावाकडच्या पबाला गिलावा आणि कोपऱ्यांवर घडीव दगड आहेत, आणि तलावाच्या बाजूस कौलारू छपराचा नदीकाठचा पब आहे. चारही बाजूंनी पाहिली जाणारी अशी इमारत घाईत करण्यासारखी नाही, आणि झालरींचे तंत्र हाती आल्यावर माझे मन वेगळ्या दिशेने जाऊ लागले आहे. हीच झालर हिरव्या रंगात रंगवून गुंडाळली आणि वरून सपाट छाटली, तर दाट कुंपणाची झुडपे तयार होतात. एक छोटा तुकडा करून पाहिला आहे, आणि स्पंजच्या झुडपांपेक्षा तो कितीतरी सरस दिसतो. दालनाच्या मागच्या बाजूची बाग आणि तिच्यातील छाटलेल्या झुडपांच्या रांगा आता पबच्या आधी करण्याचे ठरवत आहे. त्यामुळे पाया दोन फळ्यांवर विभागावा लागेल: एका फळीवर दुकानांची ओळ आणि बाग, दुसऱ्या फळीवर पब आणि तलावाचा काठ. मधला सांधा पाहुण्यांच्या मुख्य वाटेच्या फरसबंदीत लपवता येईल.

तत्पूर्वी आढे उरले आहे. गवती छपराच्या आढ्यावर दोन्ही पाख्यांवर उतरणारा गवताचा स्वतंत्र जाड थर असतो आणि त्याची खालची कडा बहुधा नक्षीदार कापलेली असते. नायलॉनचे तंतू मात्र आढ्यावरून वाकवले की पुन्हा सरळ उसळतात. केस वाळवण्याच्या यंत्राने गरम करून पाहिले, परंतु बाक टिकला नाही. नोंद लिहिता लिहिता एक उपाय सुचतो आहे: नायलॉनला उकळत्या पाण्यात आकार देता येत असेल, तर आढ्याची झालर पितळी कांबीवर दोऱ्याने घट्ट बांधून ती तशीच उकळत्या चहात सोडावी, म्हणजे रंग आणि बाक दोन्ही एकाच वेळी बसतील आणि कांब काढण्यापूर्वी ती तशीच पूर्ण थंड होऊ द्यावी. तंतू थोडे परत उलगडणार हे गृहीत धरून कांब आढ्याच्या बाकापेक्षा बारीक हवी. पहिला तुकडा ३ मिलिमीटरच्या कांबीवर बांधून ठेवला आहे. मासेमारीच्या दोरीला किंवा अन्य नायलॉनला ज्यांनी असा बाक दिला असेल, त्यांनी किती बारीक कांब घेतली आणि किती वेळ उकळले ते कळवावे. पुढची झालर त्याप्रमाणे बांधीन.