पदेराचा भोंगा आणि आमचे अकरा दिवस

आमच्या दिग्दर्शकांचे आधीचे सगळे चित्रपट भुताखेतांचे. विनोदी चित्रपटासाठी त्यांना निर्माताच मिळेना. मिळाला त्याच्या पैशात १४ दिवसांचं शेड्यूल ११ वर आणावं लागलं. मी सहायक दिग्दर्शक, मूळची गोव्यातल्या फोंड्याची, म्हणून शूटिंगच्या परवानग्या माझ्याकडे आल्या. गोवा मनोरंजन संस्थेकडे अर्ज, मग पंचायत, मग घरमालक. ते पार पडलं. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो, त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं इथे सगळं सामान हाताशी असेल. आम्हाला लाइट मुंबईहून आणावे लागले, आणि शूटिंगचं घर दिवाडी बेटावर, तिथे जायचं म्हणजे टेम्पो फेरीबोटीच्या रांगेत.

घर सुंदर होतं. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. त्यातून येणारा दुधाळ उजेड सरांना इतका आवडला की नटांचे अर्धे चेहरे अंधारातच राहायचे. मी दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी बोलले. सासऱ्यांचं काम करणाऱ्या काकांची भुवई प्रेक्षकाला दिसलीच नाही तर तो हसणार कशाला? जास्तीचा लाइट परवडत नव्हता. मग थर्माकोलच्या शीटवरून उजेड चेहऱ्यांवर घेतला.

दुसरी अडचण मोठी होती. वाक्य संपलं तरी सर कट म्हणत नसत. भयपटात त्या शांततेत प्रेक्षक श्वास रोखतो. इथे सीन मरत होता आणि ते कोणालाच सरांना सांगवत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी जावई सासऱ्यांशी खोटं बोलतो तो सीन. काका जत्रेतल्या उत्सवी नाटकांत आयुष्य घालवलेले. ते नुसते बघत राहिले. कट नाही. जावयाच्या कपाळावर घाम. तेवढ्यात बाहेर पदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला, पोंय पोंय! जावई जागच्या जागी दचकला आणि बूम माइक धरलेल्या पोराला हसू आवरेना. टेक गेला. सरांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "हेच हवंय. ती शांतता बरोबर होती, ती फुटत नव्हती."

पण भोंगा पुढच्या संवादावर चढला होता, साउंडवाल्याने तो टेक घेऊ दिला नाही. मी सायकलमागे धावत जाऊन पदेराला थांबवलं. "पाव निवतले म्हजे," माझे पाव गार होतील, तो म्हणाला, आणि त्याचं खरंच होतं, त्याची गिऱ्हाइकं वाट बघत होती. मी अख्खी टोपली विकत घेतली. खिडकीखाली उभा राहून तो माझ्या हाताच्या खुणेकडे बघत होता. कधी भोंगा लवकर वाजायचा, कधी उशिरा. सहाव्या टेकला जमलं. त्या दिवशी युनिटचा नाश्ता पाव आणि चहा.

संकलनात सर त्या शांततेवर दोन दिवस बसले. बारा फ्रेम काढल्या, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. मग पुन्हा लावल्या. शूटिंगच्या शेवटच्या दोन दिवसांत कौलांवर पडलेल्या पावसाने बरेच संवाद बुडाले आहेत. त्यांच्या डबिंगसाठी सध्या पैसे उभे करतोय.